खिळ्यांवाचून पान

टेंभेकरांच्या हातून गेलेलं पान जगात कुठल्याही यंत्रावर उघडा, केसभर हलायचं नाही. मिरजेत असं बोललं जाई, आणि बोलणाऱ्यांत पहिला नंबर खुद्द हेमंत टेंभेकरांचा असे. सतारीवाल्यांच्या गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं दुकान होतं. चाळीस वर्षं त्यांनी तिथे पानं लावली. गणिताची क्रमिक पुस्तकं, डॉक्टरांचे प्रबंध, मधूनच एखादी लग्नपत्रिका. छापखाने बंद पडले, कागद महाग झाला, लोक भिंतीवर, मनगटावर, चष्म्याच्या काचेवर वाचू लागले. टेंभेकरांचं काम मात्र सुटलं नाही. कारण कुठल्या एका यंत्रासाठी ते पान लावतच नसत. ते यंत्रनिरपेक्ष फाइल करून देत.

नवख्या गिऱ्हाइकाला ते हे पंगतीच्या भाषेत समजावत. "ही फाइल म्हणजे पंगतीची यादी समजा. तिसऱ्या ओळीत चौथ्या पाटावर थोरले काका, त्यांच्या डावीकडे दीड वितीवर मावशी. एवढंच यात लिहिलंय. मांडव कुणाचा, पाट सागाचा की प्लॅस्टिकचा, याच्याशी यादीला देणंघेणं नाही. म्हणून ती कुठेही चालते. पण यादीत नाव असतं, माणूस नसतो. माणसं म्हणजे अक्षरांचे खिळे. ते ज्या त्या यंत्राने आपल्या कोठारातून काढून त्या त्या जागी बसवायचे."

"आणि काका आलेच नाहीत तर?" एखादा विचारी.

"तर यंत्र दुसऱ्या कुणाला तरी त्या पाटावर बसवतं. तो काकांपेक्षा जाडा निघाला, की मावशी गेल्या चेंगरून."

दुकानातली दुसरी खुर्ची रेहाना अत्तारची. पंधरा वर्षांपूर्वी शिकायला म्हणून आली आणि राहिली. आता चाळिशी उलटलेली. ती मान वर न करता म्हणे, "म्हणून सर, माणसं यादीबरोबरच पाठवावीत."

म्हणजे खिळे फाइलीतच भरून द्यावेत. अशा फाइलीला दुकानात 'भरलेली' म्हणत, दुसरीला 'रिकामी'. भरलेल्या फाइलीत पुढे दुरुस्ती करता येत नसे, त्यामुळे काम चालू असेपर्यंत सगळं रिकाम्या फाइलीवर चाले आणि अगदी शेवटी ती भरली जाई. यात एक मेख होती. ज्या यंत्रावर मुळात खिळे आहेत, त्याच्यावर रिकामी आणि भरलेली फाइल अगदी सारखी दिसते. फरक कळायला एकही खिळा नसलेलं, कोरं यंत्र लागतं. रेहानाने त्यासाठी एक जुनी कोरी पाटी कपाटावर ठेवली होती. टेंभेकर त्या पाटीला हात लावत नसत.

"स्वयंपाक झाल्यावर शेजाऱ्याला चव बघायला बोलावतात का?" ते म्हणत.

"मीठ विसरणारे बोलावतात, सर."

मग हातखिळे आले. माणूस हाताने लिहिलेलं वाचतो तेव्हा मेंदूतला नुसता पाहणारा भाग जागा होत नाही. लिहिताना हात हलवणारा भागही किंचित चाळवतो. बोटं जागच्या जागी राहून त्या वळणांवरून फिरून येतात. शास्त्रज्ञांना हे जुनंच ठाऊक होतं. कानामागे चिकटवायच्या नखाएवढ्या वाचनपट्टीने तो चाळा शंभरपट वाढवला. आता कुणाचं अक्षर वाचलं की त्याचा हात आपल्या हातात आल्यासारखा वाटे. त्याचा दाब, त्याची घाई, कुठे अडखळला तेसुद्धा. त्यासाठी माणसाने एकदा संवेदी पाटीवर सातशे अक्षररूपं लिहून द्यायची. त्याचा हातसंच तयार होई. पुढे तो बोलून मजकूर देवो की टंकून, पान त्याच्याच हाताने उमटे.

वर्षभरात मेलेल्या माणसांच्या हातची मृत्युपत्रं निघू लागली. मग कायदा आला आणि सांगलीला हस्तनोंदणी कार्यालय आलं. कायदा सुटसुटीत होता. माणूस गेल्यावर तेराव्या दिवशी त्याचा हातसंच सगळीकडून नष्ट करायचा. हयातीत नोंदवलेल्या भरलेल्या फाइली तेवढ्या राहतील. नोंदवलेली फाइल रिकामी निघाली, तर तिच्यातल्या जागांवर नामनिर्देशित व्यक्तीचा हात बसेल. त्या रकान्यात सगळे नवऱ्याचं किंवा बायकोचं नाव घालून मोकळे होत, बँकेत घालतात तसं. टेंभेकरांनी आपल्या आणि वृंदाच्या अर्जात ते स्वतः भरलं होतं. वृंदाने फक्त सही केली.

वृंदा म्हणजे त्यांची बायको. तिच्या फुप्फुसांनी संप पुकारला तेव्हा ती एकसष्ट वर्षांची होती.

"रेवासाठी पत्रं करायचीत," ती एका दुपारी म्हणाली. "वीस. दर वाढदिवसाला एक उघडेल अशी."

रेवा त्यांची एकुलती एक मुलगी. गुवाहाटीला, पूल बांधणाऱ्या कंपनीत. नऊ वर्षांपूर्वी घर सोडून गेली, आणि जाताना बापाला म्हणायचं 'तू' इथेच ठेवून 'तुम्ही' घेऊन गेली. कारण विचारलं असतं तर टेंभेकर म्हणाले असते, काही कारण नाही. लहानपणी तिचं अक्षर गिचमिड होतं. पानं लावणाऱ्याच्या पोरीचं अक्षर गिचमिड! रोज संध्याकाळी ते तिला घेऊन बसत. तिची मूठ आपल्या मुठीत धरून गिरवून घेत, आणि चुकलं की तिच्या बोटांच्या बेचक्यांत पेन्सिल घालून बोटं आवळत. त्यांच्या वडिलांनी त्यांना असंच शिकवलं होतं. नंतर वृंदा तिच्या बोटांना खोबरेल चोळत बसे. आठ वर्षं हे चाललं. अक्षर मात्र सुधारलं, आणि टेंभेकरांच्या लेखी विषय तिथे संपला.

"मी लावून देतो," ते म्हणाले.

"लाव. पण वाचायचं नाही."

"पान लावणारा वाचत नसतो, वृंदा. त्याला फक्त जागा दिसतात."

हे खरं होतं. जुन्या जुळाऱ्यांची ती खोडच. पाचशे पानांचा ग्रंथ लावून दिल्यावर त्यात काय आहे विचारा, सांगता यायचं नाही. पण दोनशे अकराव्या पानावर एक ओळ सैल आहे हे झोपेतही सांगतील.

वृंदाने हातात बळ होतं तोवर दोन दिवस बसून सातशे अक्षररूपं लिहून दिली. बारीक, उभट, एकमेकींना खेटून चालणारी अक्षरं. शाळेतून घरी निघालेल्या मुलींसारखी. पुढचे चार महिने ती खोकल्याची उबळ सांभाळत मजकूर टंकत राहिली आणि टेंभेकर लावत राहिले. त्यांनी एवढ्या मायेने आयुष्यात दुसरं काही लावलं नाही. काही शब्दांपूर्वी ती थबके. ते थबकणं त्यांनी जागेत राखलं. कुठे अर्ध्या तांदळाएवढं, कुठे पाव. फाइलीचं नाव आधी 'अंतिम' ठेवलं. मग आणखी सुधारणा सुचल्या, म्हणून 'अंतिम-२'. मग खिळे भरले आणि नाव दिलं 'अंतिम-खरे'. दोन्ही फाइली यंत्रावर शेजारी शेजारी उघडून पाहिल्या. हुबेहूब.

नोंदणीच्या दिवशी रिक्षा खाली उभी होती. रेहाना कपाटावरची पाटी काढून पुसत म्हणाली, "सर, एकदा हिच्यावर—"

"अगं, वृंदा खाली बसलीय. तिला धाप लागलीय."

"दोन मिनिटं लागतील."

"रेहाना, तू इथे खुर्ची टेकलीस त्याच्या आधी पंचवीस वर्षं मी हेच करत होतो."

रेहानाने पाटी पुन्हा कपाटावर ठेवली.

रिक्षात वृंदाने विचारलं, "नीट बघितलंस ना रे?"

"चाळीस वर्षं पानं लावतोय मी."

"म्हणून तर विचारतेय," ती म्हणाली आणि त्यांच्या खांद्याला डोकं टेकून सांगली येईपर्यंत हसत राहिली. त्या हसण्याची किंमत म्हणून पुढचे दोन दिवस तिला ऑक्सिजन लागला. कार्यालयात तिने तबकडीवर तळहात ठेवला, टेंभेकरांनी यादीतून फाइल निवडून दिली, वीस पत्रांची जुडी नोंदली गेली. मजकूर खासगी असल्यामुळे कार्यालय आत डोकावत नसे.

भाद्रपदात वृंदा गेली. रेवा आली, रेहानाच्या घरी उतरली, तिसऱ्या दिवशी परत गेली. बापाशी ती दोनच वाक्यं बोलली, दोन्ही चितेच्या लाकडांविषयी.

तेराव्याच्या सकाळी टेंभेकर स्वतः सांगलीला गेले. लोक या कामाला भाचा-पुतण्याला पाठवत, कारण स्वतःच्या हाताने कळ दाबवत नसे. टेंभेकरांना वाटलं, एवढं तरी आपण करावं. कार्यालयात बिडकर नावाचे एक नीटनेटके अधिकारी होते.

"नोंदवलेल्या पत्रांना धक्का नाही ना?" टेंभेकरांनी विचारलं.

"छे. बाकी सगळं जाईल. तुमच्या यंत्रावरचा संच, शिवाय न नोंदवलेली कुठली भरलेली फाइल असेल तर तीही."

"जाऊ दे. नोंदवलेलं पक्कं आहे."

त्यांनी कळ दाबली. दुपारी तेराव्याच्या पंगतीत श्रीखंड होतं.

मार्गशीर्षात रेवाला पस्तिसावं लागलं. त्या संध्याकाळी दुकानात तिचा फोन आला. नऊ वर्षांत तिने स्वतःहून केलेला पहिला. टेंभेकरांनी खुर्ची सरळ करून घेतली, जणू ती दारात उभी होती.

"बाबा, हे तुम्ही लिहिलंत?"

"काय?"

"आईचं पत्र."

"मी नुसतं लावलं. वाचलंसुद्धा नाही गं."

"मग ऐका." ती शब्द सोडवून घेत असल्यासारखी अडखळत वाचू लागली. "'रेवा, बाबा तुला गिरवायला बसवायचे तेव्हा मी स्वयंपाकघराचं दार ओढून घ्यायचे. तुझं रडणं ऐकू येऊ नये म्हणून. नंतर तेल लावणं सोपं होतं. दार उघडायला हवं होतं. मला माफ कर.'"

टेंभेकरांना पलीकडे तिचा श्वास ऐकू येत होता.

"हे वाचताना माझी बोटं आखडली, बाबा. उजव्या हाताची. मला आधी कळेना. मग ओळखला हात. आठ वर्षं माझ्या मुठीवर होता तो. तुम्ही आईच्या नावाने पत्र लिहिलंत आणि त्यात माफी तिला मागायला लावलीत? मागायची होती तर स्वतःची मागायची."

"रेवा, अगं ते तिचंच आहे, आईशप्पथ—"

"मग हात कुणाचा आहे?"

फोन बंद झाला. पाठोपाठ तिने पानाचं चित्र पाठवलं. टेंभेकरांनी ते भिंतीवर मोठं करून पाहिलं. वृंदाच्या बारीक, उभट अक्षरांसाठी आखलेल्या जागांवर त्यांची स्वतःची रुंद, पसरट अक्षरं बसली होती. एकमेकांच्या खांद्यावर, मांडीवर, तोंडावर. ओळीच्या ओळी चेंगरल्या होत्या. आणि जिथे वृंदा थबकली होती तिथे तेवढी पांढरी जागा शाबूत होती. अर्ध्या तांदळाएवढी, कुठे पाव. जागा सगळ्या बरोबर होत्या. केसभर काही हललं नव्हतं.

रेहानाने नोंदणीची पावती काढली. फाइलीचं नाव होतं 'अंतिम-२'. तिने पावती त्यांच्यासमोर ठेवली.

"'अंतिम-खरे' माझ्याकडे आहे," ते घाईने म्हणाले.

"होती, सर."

दुसऱ्या दिवशी ते सांगलीला कार्यालय उघडायच्या आधी जाऊन पायरीवर बसले. बिडकरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. चहा मागवला.

"असं बऱ्याच जणांचं होतं," ते म्हणाले. "पण तुमच्यासारख्या जाणकाराचं म्हणजे... असो."

"पत्रांवरचा माझा हात काढा."

"नियमाने तोच बसतो. तुम्ही नामनिर्देशित आहात."

"मग नामनिर्देशन बदला."

"ते कैलासवासी बाईंनी केलंय. बदल त्यांनीच करायचा."

"अहो, ती नाहीये!"

"म्हणून तर नामनिर्देशन लागू झालं," बिडकर समजुतीच्या सुरात म्हणाले.

"मी नकार देतो. मला नको ते."

"नकाराचा नमुना नाही."

"माझा हातसंचच रद्द करा. कुठेच नको तो."

"हयात माणसाचा हात रद्द होत नाही, टेंभेकर. तुमचं पेन्शन त्याच्यावर, औषधं त्याच्यावर. रद्द फक्त मृत्यूनंतर."

टेंभेकरांनी कप बशीत ठेवला. "आणि मी गेल्यावर?"

"मग काही अडचणच नाही. सरकारी निर्विकार हात बसतो. तो कुणाचाच नाही. अक्षर आटोपशीर आहे, जागेत मावतं. वाचणाऱ्याला काही जाणवत नाही." बिडकरांनी बिस्किटांची बशी पुढे सरकवली. "मुदतीची चिंता करू नका. पत्रं तारखेनंतर केव्हाही उघडता येतात. पन्नास वर्षं जपतो आम्ही."

रेहानाने पावती, दोन्ही फाइलींच्या नोंदी, कार्यालयाचा दाखला असं सगळं रेवाला पाठवलं. आठ दिवसांनी रेवाचा फोन आला. तिचा आवाज या वेळी मऊ होता, आणि टेंभेकरांना क्षणभर वाटलं, सुटलो.

"मला पटलं, बाबा. तुम्ही लिहिलं नव्हतंत. आईनेच लिहिलं होतं."

"चूक झाली माझी. फार मोठी. पाटीवर बघायला हवं होतं."

"हो."

"पण मजकूर तिचाच आहे ना? पट्टी काढून ठेव. नुसतं डोळ्यांनी वाच."

"वाचून पाहिलं. अक्षरं एकावर एक चढलीत. प्रत्येक शब्द खरवडून काढावा लागतो. आणि पट्टी काढली तरी बोटं आखडतात. त्यांना आता कळलंय कुणाचा हात आहे ते. आईचं एक पत्र गेलं, बाबा. आता ते आठवलं की तुमचाच हात आठवतो. आईचा कसा होता, ते मला आता येत नाही आठवायला."

वृंदा गेल्यापासून, किंवा त्याच्याही कितीतरी आधीपासून, एक वाक्य त्यांच्या घशाशी येऊन परत जात होतं. ते आत्ता म्हणायला हवं होतं.

"रेवा, लहानपणी मी तुझ्या बोटांना—"

"नको. तुमच्या हातची माफी वाचली मी एकदा. पुरे झाली."

बाहेर कुणी तरी नव्या सतारीची तार चढवत होतं. ताणायचं, थांबायचं, पुन्हा ताणायचं.

"एकोणीस राहिलीत," रेवा म्हणाली. "ती मी खराब करणार नाही. मी थांबते."

"कशासाठी?"

ती म्हणाली, "बिडकरांशी बोलणं झालंय माझं. त्यांनी सगळं नीट समजावलं."

टेंभेकरांनी फोन ठेवला. रेहानाने विचारलं, "काय म्हणाली?"

"थांबते म्हणाली."

"म्हणजे येणार आहे का इकडे?"

"नाही," ते म्हणाले. "तसं थांबणं नाही."

याला आता सहा वर्षं झाली. टेंभेकर बहात्तरचे आहेत. त्यांच्या घराण्यात माणसं लवकर जात नाहीत. वडील चौऱ्याण्णवाव्या वर्षी गेले, आजोबा त्याच्याही पुढे. गेल्या तपासणीला डॉक्टरने त्यांच्या पाठीवर थाप मारून म्हटलं, "टेंभेकरकाका, शंभरी गाठताय बघा!" त्या दिवशी ते दुकानात न जाता थेट घरी गेले. रेहानाने कारण विचारलं नाही.

पत्रं कार्यालयात तारखेबरहुकूम पिकत राहतात आणि न उघडता पडून राहतात. आणि नऊ वर्षं बापाची खबर न घेणारी रेवा आता दर वर्षी मार्गशीर्षात, आपल्या वाढदिवसाच्या सकाळी, न चुकता निरोप पाठवते. गल्लीतल्या लोकांना याचं फार कौतुक आहे. बायको गेल्यावर मुलगी वळली बापाकडे, असं ते म्हणतात. निरोप सरकारी निर्विकार हातात असतो. त्यात तीनच शब्द असतात.

"तब्येत कशी आहे?"

टेंभेकर खोटं लिहीत नाहीत. यंदाही त्यांनी उत्तर लिहिलं, त्याच निर्विकार हातात लावलं, खिळे भरले. मग स्टूल ओढून कपाटावरची कोरी पाटी खाली घेतली, धोतराच्या सोग्याने पुसली आणि फाइल तिच्यावर उघडून पाहिली. एकच शब्द होता: ठणठणीत. केसभरही हलला नव्हता.